कण्यातलं जोडवं

अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीचं पाणी तेवढं लधा मिस्त्रीच्या गलबतापर्यंत पोचायचं. इतर दिवशी ते रुक्मावती नदीच्या पात्रात अर्ध्या वाटेवर थकायचं, चिखलात कलंडलेल्या होड्यांना जरासं उचलायचं आणि आल्या वाटेनं परत जायचं. अशा दिवशी मिस्त्री स्वतः पाण्याकडे चालत जायचा. खांद्यावर कावड, कावडीला तेलाचे दोन रिकामे डबे. सकाळी चार खेपा, ऊन कलल्यावर सहा.

हे पाणी गलबताला घालायचं असे. नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून सुरुवात, मग एकेक फळी करत मागच्या अंगापर्यंत. पश्चिमेची बाजू दिवसभर उन्हात भाजते म्हणून तिला दोनदा. खाऱ्या पाण्यानं लाकूड राहतं. ते मिळालं नाही तर फळ्या आक्रसतात, सांधे तोंड उघडतात, फटींत ठोकून भरलेला तेलातला कापूस सुकून गळून पडतो. कच्छमधल्या मांडवीच्या काठावर गलबतं बांधून व्हायला दोन वर्षं लागतात, फार तर तीन. हे सातवं वर्ष होतं. पहिली दोन बांधण्यात गेली. पुढची पाच कोर्टात.

आजूबाजूच्या जागांवर या पाच वर्षांत चार गलबतं उभी राहिली, रंगली, पाण्यात गेली. ठोकाठोकीचा आवाज, सुतारांच्या शिव्या, दुपारी चुलीवर शेकणाऱ्या बाजरीच्या रोटल्याचा वास, सगळं शेजारून यायचं आणि शेजारीच संपायचं. मिस्त्रीच्या गलबताखाली मात्र एकच माणूस, एक झोपडी आणि ताडपत्रीखाली झाकलेलं एक इंजिन. नाळेवर प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला कोर्टाचा कागद लटकत असे, 'जैसे थे'चा. बेलिफानं तो आधी खिळ्यानं ठोकला होता. मिस्त्रीनं त्याच संध्याकाळी खिळा उपटला, भोकात कापूस भरला आणि कागद सुतळीनं बांधला. बेलिफ पुन्हा आला तेव्हा कोर्टाच्या कागदाला हात लावला म्हणून रागावला. मिस्त्री त्याला म्हणाला होता, "साहेब, कागदाला काही केलं नाही. लाकडाचं भोक तेवढं बुजवलं."

डोक्यावर बगळे उडून जात. पाणी घालून झालं की मिस्त्री गलबताच्या कण्याला, तळाच्या लांब तुळईला, पाठ लावून बसे. माणसाच्या पाठीला माणसाची पाठ लागावी तसा. आणि बोलत असे. काय बोलतो ते आम्हा काठावरच्या लोकांना ऐकू येत नसे. त्याचे ओठ हलताना मात्र दिसायचे.

*

ठरलं होतं ते असं ठरलं होतं: लाकूड चत्रभुज शेठचं, इंजिन उमर नाखव्याचं, हात लधा मिस्त्रीचे. गलबत तिघांचं.

हे ठरलं तेव्हा तिघे शेठच्या वखारीत सालवृक्षाच्या आणि बाभळीच्या ओंडक्यांच्या ढिगाऱ्यावर बसले होते, आणि बशीत चहा निवत होता. कागद केला नाही. आमच्याकडे कागद दुबईच्या मालाचा होतो, डिझेलचा होतो. गलबताच्या भागीदारीला कागद कोण करतो? तिची खूण गलबतातच असते. कणा जमिनीवर मांडला आणि नाळ त्याच्यावर उभी करायची वेळ आली की दोघांच्या सांध्यात मिस्त्री एक खाच कोरतो. जे जे मालक असतील ते आपल्या हातानं त्या खाचेत काहीतरी ठेवतात, चांदीचं. मग मिस्त्री वर नाळ बसवतो, खुंटी ठोकतो, आणि ती खाच गलबत मोडेपर्यंत पुन्हा उजेड बघत नाही. सांधा उघडलेल्या गलबतावर एकही खलाशी पाय ठेवत नाही. त्याच्या पोटातलं बाहेर आलं, आता ते भुकेलं आहे, असं म्हणतात.

पुढे ते पाण्यात उतरायच्या दिवशी नाखवा वरून ओरडून विचारतो, "कुणाचं गलबत?" जेवढे मालक तेवढ्यांदा विचारतो. ज्यानं खाचेत ठेवलं त्यानंच काठावरून उत्तर द्यायचं असतं.

त्या दिवशी चत्रभुज शेठनं ठेवली कच्छच्या रावांच्या काळातली कोरी, चांदीचं जुनं नाणं, झिजून गुळगुळीत झालेलं. उमर नाखव्यानं आपल्या आज्यानं झांजिबारहून आणलेलं नाणं ठेवलं. लधा मिस्त्रीकडे चांदी नव्हती. तो खाचेपाशी पटाशी घेऊन उकिडवा बसला होता, आणि लाकडाचा भुसा विनाकारण फुंकत होता.

त्याची बायको जीवी नारळ घेऊन उभी होती. तिनं नारळ उमरच्या हातात दिला, खाली बसली आणि डाव्या पायातलं जोडवं काढायला लागली. बोट सुजलेलं, जोडवं निघेना. कण्याला लावायचं तेल घेऊन तिनं ते काढलं आणि नवऱ्याच्या तळहातावर ठेवलं.

"भाभी, दोन्ही तरी द्या," उमर म्हणाला. "एका पायानं कशा चालाल?"

"एक माझ्याकडे असू दे," जीवी म्हणाली. "म्हणजे ते परत घरी यायचं विसरणार नाही."

तेव्हापासून ती एकाच पायात जोडवं घालायची. पाण्याच्या नळावर बायका थट्टा करायच्या की जीवीचा एक पाय सासरी आणि एक दर्याला दिलेला. तीही हसायची. मग कधीतरी धुणं आपटता आपटता तिनं याच्याच दोन ओळी जुळवल्या आणि आमच्या काठावरच्या बायका त्या अजून म्हणतात, कुणाच्या ते न आठवता:

एक जोडवं बोटात, एक लाकडाच्या पोटी,
अर्धी घराच्या दारात, अर्धी दर्याच्या ओठी.

त्या दोन वर्षांत मिस्त्री आणि नाखवा सावलीसारखे एकमेकांबरोबर असत. नाखव्याला समुद्रावर जायला गलबत नव्हतं, म्हणून तो रोज येऊन दोरांच्या ढिगावर बसे आणि काम करणाऱ्या माणसाला काम शिकवी. म्हणे, "मिस्त्री, तू असा चाललास तर माझी दाढी पांढरी होईल." मिस्त्री वाकसानं फळी तासता तासता म्हणे, "तुझी दाढी मेंदीनं लाल. पांढरी झाली तर कळणार कुणाला?" दुपारी दोघांत एक दाबेली. नाखवा शेंगदाणे वेचून खायचा, पाव मिस्त्रीला उरायचा.

*

मग चत्रभुज शेठ वखारीतच, लाकडं मोजताना, बसल्या जागी गेला. त्याचा मुलगा विपुल अहमदाबादहून आला. माणूस वाईट नव्हता. त्यानं वखारीची कपाटं उघडली, वह्या वाचल्या, आणि वहीत जे सापडलं नाही ते त्याच्या लेखी घडलंच नव्हतं. त्यानं दावा लावला की गलबत सगळं त्याच्या वडिलांचं, इंजिन उमरनं उसनं आणून ठेवलेलं, आणि लधा रोजावरचा मिस्त्री.

उमर नाखव्यानं भुजचा वकील केला. त्याचं उत्तर कोर्टात वाचलं गेलं तेव्हा मिस्त्री मागच्या बाकावर बसला होता. उत्तरात म्हटलं होतं की गलबत दोघांचं, अर्धं-अर्धं. चत्रभुजचं लाकूड, उमरचं इंजिन. लधा रोजावरचा मिस्त्री.

मिस्त्रीला वाटलं, वाचणाऱ्यानं चूक केली. बाहेर पायरीवर त्यानं उमरला गाठलं. उमरनं चपला घालता घालता खाली बघून सांगितलं की वकिलानं तसंच लिहायला सांगितलं, तिघं म्हटलं तर सगळंच तोंडी ठरतं आणि सगळंच जातं. एकदा निकाल लागू दे, मग आपलं आपण बघू. त्यानंतर उमर काठावर आला नाही. दोरांचा ढीग तसाच राहिला. त्याच्यात एका मांजरीनं पिल्लं घातली.

खटल्याच्या दुसऱ्या वर्षी जीवी तापानं गेली. स्मशानात उमर आला होता. लांब, बाभळीखाली उभा होता, डोक्यावर टोपी, हात पुढे बांधलेले. चिता पेटली तशी निघून गेला. मिस्त्रीनं ते पाहिलं होतं. चितेवर ठेवण्याआधी त्यानं तिच्या उजव्या पायातलं जोडवं काढून तपकिरीच्या डबीत ठेवलं होतं. तपकीर त्या दिवसापासून सुटली. डबी मात्र कमरेला राहिली.

वेरावळला दिलेली मुलगी दर आठवड्याला फोन करायची. बापा, इकडे या, त्या लाकडाच्या सांगाड्याखाली एकटे काय करता, म्हणायची. तो सांगायचा, येतो, एवढी उधाणाची भरती होऊन जाऊ दे. दर पंधरा दिवसांनी उधाणाची भरती येतेच.

*

खटल्याचं चौथं वर्ष संपत आलं तेव्हा अल्पाबेन वकीलबाई मिस्त्रीच्या बाजूनं उभी राहिली. तरुण होती, स्कूटरवर यायची, वाळूत चाक रुतलं की उतरून ढकलायची. तिनं सगळे कागद झोपडीसमोर खाटेवर पसरले, प्रत्येकावर एकेक दगड ठेवला. मग विचारलं,

"बापा, एक सांगा. तुम्ही मालक की कामगार?"

"दोन्ही."

"कायद्यात दोन्ही नसतं. मालक असाल तर मजुरी मागता येणार नाही, आपल्याच घरात राबलात असं धरतील. कामगार असाल तर इतक्या वर्षांची मजुरी मी व्याजासकट काढून देते, पण मग गलबत तुमचं नाही."

मिस्त्रीनं कागदावरचा एक दगड सरळ केला. मग म्हणाला, "बेन, मग कायद्यानं कधी गलबत बांधलेलं नाही."

तिला हसू आलं. पण तिनं वहीचं पान काढून पुढे ठेवलं. दर शनिवारी चत्रभुज शेठच्या वखारीतून मिस्त्री पीठ, तेल, गूळ आणि थोडी रोकड आणत असे आणि सही करत असे. याला आम्ही खर्ची म्हणतो. ज्याचे हात भागीदारीत असतात त्याचं पोट गलबत पुरं होईपर्यंत बाकीचे भागीदार चालवतात. यात लाज नाही आणि उपकारही नाहीत. भागीदार नसलेला मिस्त्री तर दिवसाचा रोज संध्याकाळीच रोखीनं घेऊन जातो, त्याची सही कोण घेतो? सही होती म्हणूनच तो भागीदार होता. पण कोर्टात त्याच सह्या मजुरीच्या पावत्या झाल्या. दोन वर्षांचे शनिवार, प्रत्येकाखाली लधा रणमल मिस्त्री, वळणदार अक्षरात. आपल्याच हातानं आपण मजूर असल्याचं तो आठवड्याला एकदा लिहून देत आला होता.

"नसत्या केल्या तर बरं झालं असतं," अल्पाबेन म्हणाली.

"जीवी म्हणायची, सही नीट कर, पुढे कुणी म्हणायला नको की मिस्त्रीनं गुळाचा हिशेब ठेवला नाही."

उठताना तिचा हात कण्यावर पडला, आणि तिनं सहज विचारलं की हे लाकूड एवढं गार कसं. तेव्हा त्यानं तिला खाचेची गोष्ट सांगितली. ती पुन्हा खाली बसली. दोन-तीनदा तेच विचारून घेतलं: कोण होतं, कुणी काय ठेवलं, जोडीतलं दुसरं जोडवं कुठे आहे. त्यानं डबी उघडून दाखवली.

तिचा चेहरा उजळला. ती म्हणाली की आता दोन वाटा आहेत. एक, उमर नाखव्यानं नुसतं खरं सांगावं, की याला ठेवताना मी पाहिलं. त्याचा एक शब्द पुरे. आणि तो नाहीच बोलला तर कोर्टाच्या माणसासमोर सांधा उघडायचा. आतलं जोडवं आणि डबीतलं जोडवं शेजारी शेजारी ठेवलं की जगातलं कुठलंही कोर्ट तुम्हाला तिसऱ्या भागाचा मालक म्हणेल.

"तिसरा भाग कशाचा?" मिस्त्रीनं विचारलं.

तिला प्रश्न कळला नाही.

"उघडल्यावर हे गलबत राहत नाही, बेन. फळ्या राहतात."

तिनं डबीतल्या जोडव्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली की फळ्यांचाही पैसा येतो बापा, आणि नावही राहतं. मालक म्हणून नाव राहतं.

त्यानं मान हलवली. तिला अर्ज करायला सांगितलं. त्याला खात्री होती की सांधा उघडायची वेळ येणारच नाही. उमर समोर उभा असेल, कण्याकडे बघेल. कण्याकडे बघून उमर खोटं कसं बोलेल?

*

कोर्टाचा कमिशनर आला त्या सकाळी ओहोटी होती. सगळं पात्र चिखलाचं. त्याच्याबरोबर विपुल शेठ, दोन्ही वकील, पंच म्हणून चहावाला गाभा आणि एक तलाठी. सगळ्यांच्या मागून उमर नाखवा. दाढी पांढरी झाली होती, पूर्ण. मेंदी लावायची त्यानं सोडली होती. मिस्त्रीला ते नीट दिसलं, आणि काहीतरी बोलावंसं वाटलं, ते जुनंच. पण मधे माणसं होती.

अर्जात लिहिलं होतं की सांधा उघडायचं काम लधा मिस्त्री स्वतः करील. दुसरा कुणी करणारही नव्हता. आपल्या बाजूचा माणूस असावा म्हणून विपुल शेठनं आदल्या आठवड्यात दोन-तीन मिस्त्र्यांना विचारून पाहिलं होतं. दुसऱ्याच्या कण्याला पटाशी लावणारा मिस्त्री मांडवीत अजून जन्मला नाही, असं त्यांनी त्याला सांगितलं आणि वर चहा पाजला.

कमिशनरनं छत्री मिटली, वही उघडली, सगळ्यांची नावं लिहिली. मग रीत म्हणून आधी उमरकडे वळला. विचारलं की या खाचेत वस्तू ठेवल्या तेव्हा आपण हजर होता का. उमर हो म्हणाला. आपण आणि मयत चत्रभुज यांनी ठेवल्या का. हो.

"आणि या मिस्त्रीनं काही ठेवलं का?"

उमरचा वकील शेजारी खाकरला. उमर कण्याकडे बघत नव्हता. पात्राच्या तोंडाकडे, जिथं नदी संपते आणि दर्या लागतो, तिथं बघत होता.

"बरीच वर्षं झाली," तो म्हणाला. "आठवत नाही."

वारा नव्हता. नाळेवरचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत गप्प होता. अल्पाबेननं मिस्त्रीच्या कोपराला हात लावला आणि हळू आवाजात म्हणाली, "बापा, उघडा."

मिस्त्रीनं पटाशी घेतली, लाकडी हातोडा घेतला आणि नाळेखाली गुडघ्यावर बसला. खुंटी कुठं आहे ते त्याला शोधावं लागलं नाही. त्यानं पटाशी टेकवली. मग काढली. कुठल्याही लाकडाला हत्यार लावायच्या आधी मिस्त्री ते वाजवून बघतो. हात आपोआपच तसं करतो. त्यानं हातोड्याच्या दांड्यानं कणा वाजवला. सांध्यापाशी, मग वीतभर मागं, मग हातभर.

आवाज अखंड होता. पाच वर्षं उन्हात, एकट्या माणसाच्या कावडीच्या पाण्यावर राहिलेलं लाकूड, आणि त्यात कुठं फुटका सूर नव्हता. भरलेल्या मडक्यासारखा आवाज. तो वाजवत वाजवत कण्याच्या मध्यापर्यंत गेला, लोक बघत राहिले, आणि तिथून परत आला. सांध्यावर त्यानं कान टेकवला. आत एक कोरी होती, एक परक्या देशाचं नाणं, आणि एक बोट सुजलेल्या बाईचं जोडवं. तिनं घरी परत यायला सांगून पाठवलेलं, अजून घराबाहेरही न पडलेलं.

तो उठला. पटाशी आणि हातोडा त्यानं खाटेवर नेऊन ठेवला.

"आत आहे, साहेब," तो कमिशनरला म्हणाला. "पण मी काढणार नाही."

अल्पाबेन काही बोलणार होती, त्यानं हातानं थांबवलं.

"मग मी लिहू काय?" कमिशनरनं विचारलं. "न दिसलेलं मला लिहिता येत नाही."

"दिसतं ते लिहा."

कमिशनर तरुण होता, त्याच्या बुटांत चिखल गेला होता. त्यानं मिस्त्रीकडे पाहिलं, त्याची कावड पाहिली, डबे पाहिले. "मला एक कामगार दिसतो," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता.

"मग तसं लिहा."

सह्या झाल्या. माणसं काठाकडे निघाली. उमर सगळ्यांत शेवटी वळला आणि त्याची चप्पल चिखलात रुतली. पाय बाहेर आला, चप्पल आत. तो एका पायावर उभा राहिला, तोल सावरत. मिस्त्री वाकला, हात घालून चप्पल उपटली, कावडीच्या डब्यातल्या पाण्यात बुचकळून धुतली आणि त्याच्या पायापुढे सरळ करून ठेवली. उमरनं ती घातली. उभा राहिला. मग तोही गेला.

*

पुढचं लवकर झालं. जिथं तिसरा उरला नाही तिथं दोघांचं जमलं. विपुल शेठ आणि उमर नाखव्यानं कोर्टात तडजोड दिली, अर्धं-अर्धं. मिस्त्रीची मजुरी व्याजासकट मंजूर झाली. अल्पाबेन चेक घेऊन आली तेव्हा स्कूटर रुतली नाही, वाळू पावसानं घट्ट होती. चेक देताना ती म्हणाली की मी जिंकले असं सगळे म्हणतात, बापा. त्यानं तिला गुळाचा चहा दिला. चेक मुलीच्या नावावर जमा केला.

नाळेवरचा कागद उतरला. आठ दिवसांत सुतार आले. विपुल शेठचा मुनीम विचारायला आला की मिस्त्री, डेक बांधायला रोजावर याल का, तुमच्यासारखं हे गलबत कुणाला ठाऊक नाही. मिस्त्री हो म्हणाला. रोज संध्याकाळी त्याला त्या दिवसाचा रोज रोखीनं मिळायचा. सही कुणी घेत नसे.

पाच वर्षं शांत असलेली ती जागा आता दिवसभर ठणठणत असे. पोरं गाणी लावत, चहा मागवत, एकमेकांच्या सासरवाडीवरून थट्टा करत. मिस्त्री त्यांना काय करायचं ते सांगे आणि दुपारी भाकरी घेऊन गलबताच्या पश्चिमेच्या बाजूला जाऊन बसे. आता कण्याशी बोलायची सोय राहिली नव्हती. कुणीतरी ऐकलं असतं. ताडपत्री निघाली, इंजिन वर चढलं. नाव रंगवलं: सागर दौलत. उमर आला की इंजिनाच्या बाजूला राही, मिस्त्री नाळेच्या. कामाचं बोलणं मधल्या पोरांमार्फत होई. "नाखव्यांना सांग, सुकाणूची खीळ तपासा." "मिस्त्रींना सांग, तपासली."

आश्विनातल्या पौर्णिमेच्या भरतीला गलबत पाण्यात घालायचं ठरलं. सकाळपासून सगळा काठ माणसांनी भरला. ढोल, गुलाल, पेढे. टेकू एकेक करून काढले, कण्याखाली तेल पाजलेले ओंडके सरकवले, दोर पात्रात उभ्या असलेल्या बोटीला बांधले. भरती चढत चढत आली, चिखल गिळला, झोपडीच्या उंबऱ्याशी आली. गलबताला धरून आता एकच गोष्ट होती: नाळेखालची पाचर. ती ठोकून काढायचा मान मिस्त्रीचा, मग तो मालक असो की रोजावरचा. मिस्त्री हातोडा घेऊन नाळेखाली गुडघाभर पाण्यात बसला. तिथून त्याला फक्त लाकूड दिसत होतं.

वर, नाळेच्या टोकाशी, उमर नाखवा येऊन उभा राहिला. ढोल थांबले.

"कुणाचं गलबत?"

"माझं," विपुल शेठ काठावरून ओरडला. वडिलांच्या वतीनं. त्याचा आवाज फुटला, लोकांना ते आवडलं.

"कुणाचं गलबत?"

"माझं," उमरनं आपलं आपणच उत्तर दिलं. नाखवाच मालक असला की असंच करतात.

आता पाचर. ढोलवाल्यांनी काठ्या उचलल्या. मिस्त्रीनं हातोडा उचलला.

"कुणाचं गलबत?"

काठावर कुजबुज उठली. कुणीतरी म्हणालं, नाखवा, दोन झाले. विपुल शेठनं मुनीमाकडे पाहिलं. नाखव्यानं खाली पाहिलं नाही, आम्ही त्याच्याकडेच बघत होतो. तो पात्राच्या तोंडाकडे बघत होता, त्या दिवशी बघत होता तसाच, आणि त्याचे हात पुढे बांधलेले होते. तो थांबला होता. सगळं मांडवी गाव थांबलं होतं.

नाळेखाली मिस्त्रीनं डावा हात सांध्यावर ठेवला. पाणी त्याच्या कमरेच्या डबीपर्यंत आलं होतं. पाच वर्षं त्याला जे ऐकायचं होतं ते वरून आलं होतं, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. आता फक्त एक शब्द, आणि तो वर पोचेल एवढा आवाज. त्यानं तोंड उघडलं. चुलीपाशी बसलेल्या बाईला मीठ मागावं तेवढाच आवाज निघाला.

"जीवीचं," तो म्हणाला, आणि पाचरीवर हातोडा मारला.

गलबत हललं. ढोल, शिट्ट्या, गुलाल, सगळं एकदम उसळलं. कणा त्याच्या तळहाताखालून सरकत गेला, वीतभर, हातभर, पुरुषभर, आणि मग तळहाताखाली नुसतं पाणी होतं. उमर नाखव्याला उत्तर ऐकू आलं की नाही, ते कुणीच सांगू शकत नाही. त्याला एवढंच कळलं की पायाखालचं लाकूड तरंगायला लागलं. नंतर त्यानं मागे वळून पाहिलं, असं गाभा चहावाला म्हणतो. पण तोवर काठ लांब गेला होता आणि माणसं एकमेकांत मिसळली होती.

गलबत पहिल्याच खेपेला आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या बर्बेराकडे गेलं. मेंढ्या घेऊन परतेल, मग पुन्हा जाईल.

मिस्त्रीच्या मुलीनं वेरावळहून फोन केला की आता तरी या. तो म्हणाला, येतो, एवढी भरती होऊन जाऊ दे. दुसऱ्या दिवशी ऊन कललं तसा तो उठला, कावड खांद्यावर घेतली, पाण्यापर्यंत गेला, दोन डबे भरले आणि चालत आपल्या जागेपर्यंत आला. तिथं टेकूंची भोकं होती, तेलाचे ओघळ होते, आणि जिथं सात वर्षं लाकूड होतं तिथं आभाळ होतं. तो डबे घेऊन उभा राहिला. आम्ही बघत होतो. मग त्यानं ते वाळूवर ओतले, कणा होता त्या सरळ रेषेत, नाळेकडून मागच्या अंगाकडे, सावकाश. पश्चिमेच्या बाजूला दोनदा.